जळगाव: बारा मीटर गल्लीच्या रस्त्याची कामवही, फेब्रुवारी ते सप्टेंबर

कामाचा आवाका. लांबी ३८० मीटर, दोन्ही कुंपणांमधली रुंदी १२ मीटर. मधोमध ७ मीटर डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना ९० सेंटिमीटर रुंदीचं आरसीसी गटार, त्यावर ढापे (काँक्रीटची झाकणं). गटारापासून कुंपणापर्यंत १.६० मीटर पेव्हर ब्लॉकची पट्टी. रस्ता उत्तर-दक्षिण जातो. साखळी म्हणजे चौकापासून मोजलेलं मीटरमधलं अंतर: साखळी शून्य उत्तरेच्या चौकात, साखळी ३८० दक्षिणेच्या नाल्यावर. खाली अस्सल काळी माती.

८ फेब्रुवारी

लेव्हल घेतली. देवळाच्या दगडी जोत्यावर खूण करून ती १००.००० धरली. जुन्या रस्त्याचा मध्य साखळी शून्यला १००.२४०, नाल्याकडे ९८.९३०. म्हणजे मुळात १.३१ मीटर उतार आहे. तरीही गल्लीत पाणी साचतं, कारण उतार रस्त्याला आहे आणि बाहेर पडायला वाट नाही.

सगळ्यात खालचं जोतं साखळी २१० ला, ९९.४८०. त्याच जागी जुन्या रस्त्याचा मध्य ९९.५१६. रस्ता घरापेक्षा साडेतीन सेंटिमीटर वर. दर काही वर्षांनी जुन्यावर नवा थर टाकत गेलं की हेच होतं: रस्ता चढतो, घरं बुडतात, मग लोक उंबऱ्यावर विटा रचतात. यावेळी वरून थर टाकायचा नाही, खोदून खाली जायचं. नवा मध्य साखळी शून्यला ९९.९९०, तिथून ३०० ला १ उतार, नाल्याशी ९८.७२०. सरासरी २३ सेंटिमीटर खाली. साखळी २१० ला मध्य ९९.२९० येतो, फूटपाथ ९९.३५२, म्हणजे जोतं फूटपाथच्या १२.८ सेंटिमीटर वर.

गटाराचा तळ नाल्याशी ९७.९३२. नाल्यावरच्या मोरीचा तळ ९७.५५०, भिंतीवरची जुन्या पुराची खूण ९८.१०० च्या आसपास. पुरात गटाराच्या शेवटच्या टोकाला १७ सेंटिमीटर पाणी मागे चढेल. ७५ सेंटिमीटर खोलीच्या गटारात तेवढं चालतं.

१२ फेब्रुवारी

खड्डे घेऊन जमिनीखालचं पाहिलं. मुख्य जलवाहिनी पूर्वेच्या पट्टीत, कुंपणापासून ९० सेंटिमीटरवर. वीजतारा त्याच बाजूला. म्हणजे पूर्वेला झाडं नाहीत, हे आजच ठरलं. झाडं पश्चिमेला. दुपारनंतर रस्त्यावर सावली पडायला तीच बाजू बरी.

अडचण पश्चिमेच्या घरांच्या नळजोडांची. ३१ जोड रस्ता ओलांडतात, तेही ४५ ते ६० सेंटिमीटर खोलीवर. आपलं खोदकाम जुन्या पृष्ठभागापासून १.०३ मीटरपर्यंत. एकही जोड वाचणार नाही. आधी सगळे १.३० मीटरवर नेऊन ५० मिमीच्या आवरण-पाइपातून ओढायचे, मगच रस्त्याला पोकलेन लावायचं.

१९ फेब्रुवारी ते ३ मार्च

नळजोड बदलले. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गळती तपासायला पाण्याच्या पाळीची वाट पाहावी लागते. तोवर चर बुजवायचा नाही. सहा जोडांना सॅडलपाशी (मुख्य वाहिनीवर जोड बसवायची पकड) झिरपा निघाला. सगळीकडे कारण एकच: पाइपावरची माती न पुसता सॅडल आवळलेलं, रबराखाली खडा.

चर बुजवताना निघालेली काळी माती परत टाकू दिली नाही. मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रॅमरने. शहरभर रस्त्यांवर जी लांबट घळ दिसते ती बहुतेक अशाच चराची असते. वरून डांबर नीट केलेलं असतं, खाली ढेकळं तशीच. पहिल्या पावसात ढेकळं विरघळतात आणि चर बसतो.

याच खोदकामात रस्त्याला आडवे १६० मिमीचे रिकामे पाइप सात ठिकाणी टाकले, दोन्ही टोकांना झाकण आणि कुंपणावर रंगाची खूण. उद्या केबलवाला आला तर रस्ता फोडायचं कारण उरू नये. आत नायलॉनची दोरी ओवून ठेवली. दोरी नसलेला रिकामा पाइप कोणी वापरत नाही.

६ मार्च

गटाराचं खोदकाम पश्चिमेकडून सुरू. साखळी ९२ ला जुना कडुनिंब, बुंध्याभोवती कोणीतरी काँक्रीट ओतलेलं. ते हाताने फोडून काढलं, ब्रेकर लावला नाही. गटाराची रेघ या जागी ४० सेंटिमीटर रस्त्याच्या बाजूला वळवली, दोन्हीकडे ४५ अंशांचं वळण. काटकोनात वळवलं तर कोपऱ्यात गाळ बसतो. उघडी पडलेली मुळं ओल्या गोणपाटाखाली ठेवली. मनगटाएवढ्या मुळाला हात लावला नाही, बोटाएवढी करवतीने सरळ कापली. जेसीबीने ओढलेलं मूळ चिरफाळतं आणि तिथूनच कुजतं.

१४ मार्च ते ९ एप्रिल

गटाराचं काँक्रीट. तळ आणि भिंती १५ सेंटिमीटर, ताकद एम-२५ प्रतीची. दोन्ही बाजू मिळून ७६० मीटरला साधारण २८५ घनमीटर. आधीच्या नकाशात भिंत १२.५ सेंटिमीटर होती. ढाप्याला बसायला ७.५ सेंटिमीटरची खाच काढली की वर ५ सेंटिमीटरची पापडी उरते आणि पहिल्याच टेम्पोच्या चाकाने ती उडते. म्हणून १५.

उन्हाचा त्रास खरा इथेच. दुपारी खडी हाताला चटका देते. आयएस ७८६१ या भारतीय मानकानुसार ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. खडीच्या ढिगावर सकाळपासून पाणी फवारलं, गाडी संध्याकाळी पाचनंतर मागवली, सळई आणि फळ्या आधी भिजवल्या. तापमान ३३ ते ३६ मिळालं. साइटवर गाडीत पाणी वाढवायला सक्त मनाई. स्लम्प (काँक्रीटचा पातळपणा) कमी वाटला तर प्लँटवाल्याकडून रसायनाचा डोस घ्यायचा. पाण्याने स्लम्प सुधारतो आणि ताकद तपासायचा क्यूब नापास होतो.

सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं, ताकद सावकाश धरणारं), हवा कोरडी आणि तापलेली, म्हणून पाणी १४ दिवस. तळात तीन-तीन मीटरवर वाळूचे बांध घालून पाणी साठवलं, भिंतींवर गोणपाट. दिवसातून दोनदा पाइप फिरवून गेलेल्या पाण्याला क्युरिंग म्हणत नाहीत, एप्रिलमध्ये तर नाहीच. तासाभरात भिंत पांढरी पडते.

रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत दर १५ मीटरला पाणी आत शिरायला ३०० बाय १०० मिमीचं तोंड सोडलं. त्याचा उंबरा डांबराच्या कडेपेक्षा २ सेंटिमीटर खाली धरला.

११ एप्रिल

ढापे. साधे ७५० बाय ५०० बाय १०० मिमी, वजन साधारण ९४ किलो. दोन माणसं आकड्याने उचलू शकतील एवढाच आकार ठेवला. मोठा ढापा स्वस्त पडतो, पण तो उचलला जात नाही आणि गटार कधीच साफ होत नाही. गेटांसमोर १५० मिमी जाडीचे, तिथे खाचही तेवढीच खोल. गेटासमोर कडेची रस्त्यापासूनची उंची ५ सेंटिमीटरवर आणली. ही सोय दिली नाही तर घरमालक रस्त्यावरच काँक्रीटचा उतार ओततात आणि कडेचं पाणी अडतं. गल्लीतलं पाणी तुंबण्याचं अर्धं कारण असे उतार असतात.

१५ एप्रिल

रस्त्याचं खोदकाम सुरू, दिवसाला ४० मीटर. त्यापेक्षा जास्त उघडायचं नाही. रोज अंदाजे २९० घनमीटर, फुगवटा धरून हायवा डंपरच्या तिसाहून थोड्या जास्त फेऱ्या. संध्याकाळपर्यंत मुरुमाचा पहिला थर पडलाच पाहिजे. काळी माती उघडी राहिली तर दोन दिवसांत तिला बोटभर रुंद भेगा पडतात, आणि अवकाळी आला तर तिचा रबडा होतो. दोन्हींत नुकसान सारखंच.

थर वरून खाली असे: डांबराचा वरचा थर बीसी ३० मिमी, त्याखाली डीबीएम (जाड खडीचा डांबरी थर) ५० मिमी, डब्ल्यूएमएम (प्लँटवर पाणी घालून मिसळलेली खडी) २०० मिमी, जीएसबी (पाणी निचरणारा खडीचा खालचा थर) २०० मिमी, मुरूम ३०० मिमी. एकूण ७८० मिमी. भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर (भार पेलायच्या ताकदीचं माप) साधारण २ ते ३ टक्के, म्हणून मुरुमाला कात्री लावायची नाही. खर्च वाचवायची कोणाला घाई झाली की पहिला गळतो तो हाच थर, कारण तो दिसत नाही.

मधल्या भुयारी गटारीचे १३ चेंबर. त्यांचे माथे कापून डांबराच्या तळाखाली १० सेंटिमीटर नेले, वर पोलादी पत्रा. प्रत्येकाचं अंतर दोन्ही कुंपणांवरच्या खुणांपासून फितीने मोजून वहीत लिहिलं. ही नोंद पुढे लागणार.

२२ एप्रिल

साखळी १२० ते १६०: रोलर फिरताना जमीन पायाखाली दबून परत वर येते. जुन्या गळक्या नळाखालची माती चिखल होऊन बसली होती. ३० सेंटिमीटर जास्त खोदून मोठी दगडी खडी दाबली, वर मुरूम. वरून नुसता मुरूम वाढवून अशी जागा घट्ट होत नाही.

साखळी २४० नंतर पूर्वेला तीन धाब्याची घरं, मातीच्या भिंती. तिथे रोलरचं कंपन बंद करून नुसत्या वजनाने दाबलं, फेऱ्या दुप्पट, थर १० सेंटिमीटरचे. कामाआधी भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवले आहेत. नंतरचा वाद त्यानेच मिटतो.

२८ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मजूर गावी, काम बंद. टँकरवाल्याला मात्र थांबवून धरलं. खानदेशात एप्रिल-मेचं वेळापत्रक करताना आखाजीचे चार-पाच दिवस आधीच वजा धरावेत.

५ मे

मुरुमाची घनता रेतीबदल पद्धतीने तपासली. प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९७ टक्के लागते, ९७.५ ते ९९ मिळाली. एक जागा ९४, तिथे मुरूम कोरडा राहिला होता. नांगरून, पाणी मारून पुन्हा दाबला. जीएसबीचा थर गटाराच्या भिंतीपर्यंत नेला आणि भिंतीतल्या पाझर-छिद्रांमागे जाड खडीचा हात भरला. डांबराच्या भेगांतून शिरलेलं पाणी याच थरातून बाहेर पडायचं असतं. कडेला मातीने तोंड बुजवलं तर हा थर टाकला काय नि न टाकला काय.

१२ मे

डब्ल्यूएमएम, १०० मिमीचे दोन थर. प्लँटवर ओलावा बरोबर असतो, पण ताडपत्री न टाकता डंपर शहरात येईपर्यंत माल सुकतो. मग रोलरखाली खडी वेगळी, भुकटी वेगळी. प्लँटवर एक-दीड टक्का पाणी वाढवून आणि ताडपत्री बांधून माल आणला. थर झाल्यावर त्यावर वाहनं सोडली नाहीत. दुचाकींच्या दोन दिवसांच्या रहदारीने वरचा सेंटिमीटर उधळतो.

१७ मे

ब्रशने आणि हवेने धूळ काढून प्राइम कोट (खडीच्या थरावर डांबराचा पातळ हात), इमल्शन ०.८ किलो प्रति चौरस मीटर. २६६० चौरस मीटरला साधारण २१३० किलो. २४ तास सोडलं. धुळीवर मारलेलं इमल्शन नुसती धूळ धरतं, खालच्या थराला चिकटत नाही.

१९ ते २१ मे

डीबीएम साधारण ३१५ टन, मग टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा हात), मग बीसी साधारण १९० टन. डांबर व्हीजी-३० प्रतीचं. काम पहाटे पाचला सुरू, दहाला बंद. डंपरमधलं तापमान प्रत्येक गाडीला मोजलं: १५० ते १५८. टाकताना १४० च्या खाली आलेली एक गाडी परत पाठवली. मेमध्ये माल गार होण्याची भीती कमी. उलट त्रास असा की थर फार गरम असताना जड रोलर चढवला तर डांबर पुढे सरकतं आणि केसासारख्या आडव्या भेगा पडतात. रोलर थांबवून वाट पाहायची आणि थर ९० अंशांच्या खाली उतरायच्या आत दाबणी संपवायची, एवढाच खेळ.

कॅम्बर (रस्त्याचा आडवा उतार) २.५ टक्के. मध्यापासून कडेपर्यंत ८८ मिमी उतार. दर दहा मीटरला पट्टी लावून पाहिला. गटाराच्या भिंतीलगतची १५ सेंटिमीटर पट्टी रोलरला सापडत नाही, ती लहान रोलर आणि हातधुमसाने दाबली. गवत आणि खड्डे पहिले तिथेच उगवतात. दुपारी पृष्ठभाग भट्टीसारखा असतो, म्हणून रहदारी दुसऱ्या दिवशी पहाटे सोडली.

२४ मे

चेंबर वर काढले. वहीतल्या मापांवरून केंद्र काढून, कटरने कापून, पत्रा उचलून, तयार काँक्रीटची कडी बसवून वर एचडी-२० ची (जड वाहनांची) चौकट आणि झाकण. भोवती लवकर घट्ट होणारं काँक्रीट. तीन मीटरची सरळपट्टी चारही दिशांना ठेवून फरक ५ मिमीच्या आत. डांबर पसरणारं पेव्हर यंत्र यायच्या आधीच चेंबर अंदाजाने वर उचलून ठेवणं ही सर्रास चाल आहे. मग यंत्र त्याला वळसा घालतं, भोवतीचा भाग हाताने भरला जातो आणि प्रत्येक चेंबरपाशी गाडी आदळते.

रहिवाशांची गतिरोधकाची मागणी. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी-९९ प्रमाणे केला: ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, दोन्ही कडांना ३० सेंटिमीटर पाण्याला मोकळे. हातभर रुंदीचा उंचवटा केला की कंबर मोडते आणि वेग मात्र पुढच्या दहा मीटरवर पूर्ववत होतो.

२६ मे ते ८ जून

पेव्हर ब्लॉक, ६० मिमी, सुमारे ११८० चौरस मीटर. खाली १५० मिमी दाबलेली खडी, वर ३० मिमी धुतलेली क्रश सँड, न दाबता, नुसती पट्टीने समतल. ब्लॉक मांडल्यावर प्लेट कॉम्पॅक्टर, मग सांध्यांत बारीक कोरडी वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर. खाली दगडाची भुकटी वापरली तर ती पाणी धरते आणि ब्लॉक डुगडुगतात. सिमेंट मिसळलं तर पाणी खाली जात नाही, शिवाय पुढे एक ब्लॉक काढायला दहा फोडावे लागतात. कडेचे तुकडे कटरनेच. हातोडीने तोडलेला तुकडा वर्षभरात निखळतो.

साखळी ६० च्या मोकळ्या जागेत गणपतीचा मंडप उभा राहतो. तिथे ठरलेल्या मापाने १२ ठिकाणी १०० मिमीचे लोखंडी पाइप ६० सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये बसवले, वर फिरकीचं झाकण. मंडळाला खांब रोवायला जागा हवीच असते. ती दिली नाही तर ती ते पहारीने करून घेतात.

१६ जून

पहिला दमदार पाऊस. छत्री घेऊन पूर्ण लांबी पायी पाहिली, पाऊस चालू असतानाच. नंतर पाहून काही कळत नाही. दोन ठिकाणी पाणी उभं. साखळी १६५ ला तोंडाचा उंबरा डांबराच्या कडेपेक्षा ८ मिमी वर राहिला होता, घासून खाली घेतला. साखळी ३१५ ला तोंडात पेव्हरची वाळू आणि प्लास्टिकच्या पिशव्या. सगळ्या तोंडांना २५ मिमी अंतराच्या सळयांची जाळी लावली. त्याहून बारीक जाळी पानांनीच बंद होते.

२ ते ६ जुलै

झाडं. पश्चिमेला ३४, गेट सोडून साधारण नऊ-दहा मीटरवर. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण आळीपाळीने. गुलमोहर मागणारे खूप होते, पण काळ्या मातीत त्याची मुळं वरवर पसरतात आणि वळवाच्या वाऱ्यात तो आडवा होतो. पिंपळ-वड गटारापाशी नकोतच.

खड्डा मीटर बाय मीटर बाय मीटर. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हौद. तळाला पाणी डबकून राहतं आणि रोप वरून वाळल्यासारखं दिसतं, मग माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून प्रत्येक तळात ऑगरने (जमीन भोकायच्या गिरमिटाने) १०० मिमीचं भोक मीटरभर खाली मुरमापर्यंत, त्यात खडी. भराव निम्मी पोयट्याची माती, तीस टक्के मुरूम, वीस टक्के कुजलेलं शेणखत, खड्ड्याला दोन किलो निंबोळी पेंड. शेणखत एकूण सात घनमीटरच्या आसपास. कच्चं शेणखत घातलं तर वाळवी हमखास.

रोपं आठ फुटी. पिशवी पूर्ण काढून, गोल फिरलेली मुळं कापून. दोन बांबू, मध्ये सुतळीचा आठाचा वेढा. तार नाही. भोवती मीटरभर चौरस माती उघडी, पेव्हरची कड तिथेच थांबवली.

पूर्वेच्या पट्टीत कुंड्यांत कण्हेर आणि बोगनवेल. कण्हेर विषारी असल्याने शेळ्या तोंड लावत नाहीत. जास्वंद आठवडाभरही टिकली नसती.

२० जुलै

ठिबक. ठिबकचं सामान बनवणाऱ्या शहरात झाडांना टँकरने पाणी घालायचं काही कारण नाही. १६ मिमीची नळी ३२ मिमीच्या आवरणातून पेव्हरखाली नेली, म्हणजे बदलायची झाली तर ओढून काढता येते. झाडाला ताशी ८ लिटरचे दोन ड्रीपर, बुंध्यापासून ३० सेंटिमीटरवर समोरासमोर. दोन तास चालवलं की झाडाला ३२ लिटर, एकूण १०८८. बोअरचं पाणी जड, म्हणून डिस्क फिल्टर आणि शेवटाला फ्लश व्हॉल्व्ह. उघड्यावरची नळी खारी कुरतडतात, जमिनीवर एक वीतही दिसता कामा नये.

३० ऑगस्ट

मंडप उभा. नऊ खांब पाइपांत, तीन मात्र पेव्हर काढून. मंडळाने मंडप यंदा दोन फूट मोठा केला. ब्लॉक फोडले नाहीत, उचलून बाजूला रचले आहेत, हे त्यातल्या त्यात बरं.

१८ सप्टेंबर

पावसानंतरची तपासणी. नळजोडांच्या ३१ चरांपैकी २९ सपाट, दोन ठिकाणी ४ आणि ६ मिमी दबलेले. सध्या हात लावायचा नाही. झाडं ३४ पैकी ३१ जिवंत. मेलेल्या तिन्हींपैकी दोघांच्या तळातलं भोक मुरमापर्यंत पोचलंच नव्हतं, तिसऱ्याला टेम्पोची मागची बाजू लागली. दोन्ही खड्ड्यांत पुन्हा ऑगर लावून रोपं बदलली. साखळी १०५ ते ११० चे चार ढापे वाजतात. खाचेतली वाळू काढून खाली ५ मिमीची रबरी पट्टी द्यायची आहे. मंडपाच्या तीन खड्ड्यांखालची खडी पुन्हा दाबून ब्लॉक बसवायचे, तिथे जादा तीन पाइप. दबलेल्या दोन चरांची पुढची मोजणी दिवाळीनंतर, त्याच खुणांवर. फरक १० मिमीच्या वर गेला तर वरचा डांबरी थर चौकोनी कापून चर वरून पुन्हा भरायचा.